फियाट ११०० डिलाइट (१९६९): चार वेळा एअर काढली तरी ब्रेकचं पेडल गादीसारखं, नाशिककरांनो मदत करा

फियाटवाली (शनिवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. बाबांची १९६९ ची फियाट ११०० डिलाइट पाच वर्षं इंदिरानगरला आमच्या इमारतीखाली ताडपत्रीत उभी होती. बाबांच्या गुडघ्यांमुळे त्यांचं चालवणं थांबलं आणि गाडी तशीच राहिली. यंदा उन्हाळ्यात मी ती हातात घेतली. इंजिन सुरू झालं, वायरिंग झालं, कार्ब्युरेटरही साफ झाला. सगळं मार्गी लागलं, अडलंय ते फक्त ब्रेकवर.

आतापर्यंत झालेलं काम सांगते. चारही व्हील सिलेंडरना नवीन रबर किट, मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा) नवा, चारही चाकांच्या शूजना (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींना) नवे लायनर (ड्रमला घासणारा थर). पुढच्या दोन्ही ड्रमना आतून खाचा पडल्या होत्या म्हणून ते लेथवर कातून आणले. ब्रेक ऑइल नवीन, डॉट ३, सीलबंद डब्यातलं. एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा, गॅरेजवाल्यांनी दोनदा काढली, नंतर मी आणि भावाने दोनदा काढली. निपलला (व्हील सिलेंडरवरच्या हवा सोडायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून बाटलीत बुडवली होती, शेवटी एकही बुडबुडा येत नव्हता.

तरीही पेडल पहिला इंचभर नीट जातं आणि तिथून पुढे पाय गादीत रुतल्यासारखं होतं. दाबून धरलं तर खाली सरकत नाही, जिथे थांबतं तिथेच राहतं. रिझर्व्हायरमधलं ऑइल महिनाभरात एक रेघही उतरलेलं नाही. गाडी थांबते, पण पाय खूप दाबावा लागतो आणि आता थांबेल की नाही ही धाकधूक प्रत्येक वेळी असते. गॅरेजवाले म्हणतात, "जुन्या गाड्यांचं असंच असतं, सवय होईल." बाबा म्हणतात, "माझ्या गाडीचं पेडल दगडासारखं होतं." मला बाबांचं खरं वाटतं.

दिवाळीनंतर त्यांना याच गाडीतून त्र्यंबकला न्यायचंय. कुठून सुरुवात करू?

सातपूरकर (शनिवार, रात्री ९:४२)

एअरच आहे, दुसरं काही नाही. लांबच्या चाकापासून सुरुवात केली होती ना? आपल्याकडे मास्टर सिलेंडर उजवीकडे, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. आणि पेडल सावकाश दाबायचं. घाईने धपाधप मारलं की ऑइलला फेस येतो, मग तो फेस काढायला दुसरा दिवस उजाडावा लागतो.

गोदाकाठी (शनिवार, रात्री १०:०५)

बाकी बोलण्याआधी एक. ताई, गाडी रस्त्यावर काढू नका. कॉलनीतही नको. या गाडीला ब्रेकची एकच लाइन आहे. आजच्या गाड्यांत मास्टर सिलेंडरचे दोन भाग असतात, एक फुटला तर दुसऱ्यावर निदान दोन चाकं तरी धरतात. इथे एक पाइप किंवा एक रबर गेलं की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. इंदिरानगरहून निघालात तर पहिला उतार पाथर्डी फाट्याच्या आधीच लागेल.

ओझरकर_निवृत्त (रविवार, सकाळी ७:२०)

ताई, मी ओझरला विमानांच्या हायड्रॉलिकवर तीस वर्षं काम केलं. १९६४ साली तिथे मिगसाठी कारखाना उभा राहिला, आम्ही नंतरच्या भरतीतले. तिथे पहिल्या दिवशी शिकवलं जायचं की सुटा भाग बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. तुमच्याकडे जवळपास सगळं बदलून झालंय आणि दोष जागचा हललेला नाही, म्हणून आता शोधायलाच लागू.

पेडल "मऊ" आहे असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द लावतात. एक, पेडल खोल जातं पण दोनतीनदा पंप केलं की वर येऊन घट्ट होतं. तिथे बहुतेक वेळा शू ड्रमपासून लांब असतात, अ‍ॅडजस्टमेंटचा प्रश्न असतो. दोन, पेडल दाबून धरलं की हळूहळू पायाखालून निसटत जातं. तिथे एक तर कुठेतरी गळतंय, नाही तर मास्टर सिलेंडरमधलं बकेट (रबरी वाटी) ऑइलला मागे सोडतंय. तीन, पेडल एका जागी थांबतं पण घट्ट नसतं, स्प्रिंगसारखं लागतं. हवा असेल तर हेच होतं, कारण ऑइल दाबलं जात नाही आणि हवा दाबली जाते. पण हवेखेरीजही या तिसऱ्या जातीची कारणं आहेत आणि गॅरेजात ती सहसा कुणी बघत नाही.

म्हणून आधी इतकंच करा. इंजिन बंद, गाडी सपाटीवर. पेडल एकदा दाबा, कुठे थांबतं ते फूटपट्टीने फ्लोअरपासून मोजा. मग लागोपाठ पाच वेळा पंप करून पुन्हा मोजा. मग जोर लावून एक मिनिट धरून ठेवा. तिन्ही आकडे इथे लिहा. आणि पुढच्या चाकांमागे वाकून बघा, सिलेंडरवर निपल वर आहे की पाइप वर आहे. डावा सिलेंडर उजवीकडे गेला किंवा उलटा बसला की निपल खाली जातो, मग हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते आणि शंभर वेळा एअर काढूनही निघत नाही.

फियाटवाली (रविवार, दुपारी १२:३५)

काका, मोजलं. पहिल्या दाबात फ्लोअरपासून ६८ मिमी. पाच पंपांनंतर ७० मिमी, म्हणजे फरक नाहीच. एक मिनिट धरून ठेवलं, ७० चं ७०. निपल दोन्हीकडे वर आहेत, पाइप खाली. भावाने टॉर्च मारून फोटो काढलेत, दोनदा बघितले.

ओझरकर_निवृत्त (रविवार, दुपारी १:०२)

छान मोजलंत. सरकत नाही, म्हणजे गळती नाही आणि बकेटही धरून आहे. पंप करून वर येत नाही, म्हणजे शू फार लांब नाहीत. हवा असती तर पंप केल्यावर थोडं तरी वर आलं असतं आणि घट्ट झालं असतं. माझा हवेवरचा संशय निम्मा कमी झाला.

नवशिका_ड्रायव्हर (रविवार, दुपारी २:१८)

मी वाचलंय की डॉट ५ सगळ्यात चांगलं, पाणी पीत नाही आणि रंगही खात नाही. जुन्या गाडीला तेच टाकलं तर?

गोदाकाठी (रविवार, दुपारी ३:०६)

दादा, नका टाकू. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, डॉट ३ आणि ४ ग्लायकॉलचं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. जुनं सगळं धुऊन काढल्याशिवाय सिलिकॉन भरलं तर लाइनमध्ये दोघांचे वेगवेगळे थर बसतात. शिवाय सिलिकॉन बारीक बुडबुडे धरून ठेवतं आणि ते निघता निघत नाहीत, म्हणजे ज्या दुखण्यासाठी हा धागा काढलाय तेच दुखणं विकत घेतल्यासारखं. नावात घोळ आहे तो असा की डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे.

पाण्याचं मात्र खरं आहे आणि मी ते भोगलंय. चार वर्षांपूर्वी पद्मिनीतून गडावर गेलो होतो, सप्तशृंगीला. ऑइल किती जुनं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून येत होतो, ही माझी चूक. अर्ध्या घाटात पेडल सरळ खाली गेलं. हँडब्रेक आणि दुसरा गिअर करून गाडी डोंगराच्या बाजूला लावली. बायको आणि दोन मुलं मागे. अर्ध्या तासाने पेडल जसंच्या तसं परत आलं, म्हणून आधी मला वाटलं भास झाला.

भास नव्हता. नवीन डॉट ३ ला किमान २०५ अंशांपर्यंत उकळी फुटत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आणि साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ चं गणित २३० आणि १५५. उतारावर ड्रम तापतात, सिलेंडर तापतो, ऑइलला उकळी फुटून वाफ होते. वाफ हवेसारखीच दाबली जाते. थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि सगळं ठीक असल्यासारखं दिसतं. तेव्हापासून दर दोन वर्षांनी पावसाळा संपला की मी ऑइल बदलतो आणि गडाचा तो नांदुरीचा घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो.

देवळाली_जीप (रविवार, रात्री ८:५०)

माझ्या जुन्या जीपचा अनुभव देतो. तिचा मास्टर सिलेंडर फ्लोअरखाली असतो, ऑइल टाकायला फ्लोअरची झाकणी उघडावी लागते. किट बदलल्यापासून रोज सकाळचं पहिलं पेडल खोल जायचं, दुसरं नीट. महिनाभर एअर काढत बसलो. शेवटी कळलं की मास्टर सिलेंडरच्या टोकाला स्प्रिंगमागे एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो नवीन किटमध्ये नव्हताच आणि जुना आम्ही फेकून दिला होता. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये तो थोडंसं प्रेशर कायम धरून ठेवतो, त्यामुळे व्हील सिलेंडरमधल्या बकेटच्या कडा भिंतीला चिकटून राहतात. तो नसला की पेडल सोडताना त्या कडांवरून हवा आत ओढली जाते. बाहेर एक थेंब गळत नाही पण आत हवा येत राहते. तुमचा मास्टर नवा आहे म्हणालात, म्हणून विचारतो.

ओझरकर_निवृत्त (रविवार, रात्री ९:३०)

हे फार चांगलं सांगितलंत. पण त्यात दुसरं पेडल नीट लागतं, ताईंचं पहिलंही तसंच आणि पाचवंही तसंच. म्हणून ते तूर्त बाजूला ठेवू.

ताई, आता पुढची पायरी. मास्टर सिलेंडरमधून जिथून पाइप निघतो तो नट सोडवा आणि त्या जागी बंद प्लग बसवा. आटे तेच हवेत, टोकाला तसाच कोन हवा, म्हणजे गळणार नाही. प्लग बसवल्यावर पेडल दाबलं की अर्ध्या इंचाच्या आत भिंतीला पाय लागल्यासारखं घट्ट व्हायला हवं. झालं, तर मास्टर निर्दोष आणि दोष पुढे. नाही झालं, तर दोष मास्टरमध्येच. वीस रुपयांच्या वस्तूने अर्धी गाडी संशयातून सुटते.

ऑइल खाली सांडेल, बॉडीवर पडू देऊ नका. पडलंच तर लगेच पाण्याने धुवा, पुसत बसू नका. रंगाला फोड येतात.

फियाटवाली (बुधवार, रात्री ९:१५)

प्लगसाठी सोमवारी अंबडला गेले होते. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुना नट नमुना म्हणून दिला, त्यांनी पितळेचा प्लग कातून दिला. आज संध्याकाळी बसवला. प्लग लावून थोडी हवा काढली आणि पेडल दाबलं, तर काका, खरंच दगड! बाबांना खुर्चीवरून उठवून आणलं आणि पाय ठेवायला लावला. त्यांनी दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "हे. हेच पेडल."

म्हणजे मास्टर सुटला. आता पुढे?

ओझरकर_निवृत्त (गुरुवार, सकाळी ६:५५)

आता होज पाइप. तुमच्या गाडीला तीन असतात, पुढे प्रत्येक चाकाला एक आणि मागे अ‍ॅक्सलवर उतरणारा एक. रबरी होज दाबायचे गोल तोंडाचे क्लॅम्प मिळतात, तेच वापरा. पकडीने किंवा वाइस ग्रिपने चेपू नका, आतला थर फाटतो आणि बाहेरून कळतही नाही. तिन्ही दाबून पेडल बघा. मग एकेक सोडत जा. ज्याला सोडल्यावर पेडल मऊ होईल, दोष त्याच्या पलीकडे.

होज किती जुने आहेत?

फियाटवाली (गुरुवार, रात्री १०:४०)

होज बदललेच नव्हते, गॅरेजवाले म्हणाले "चांगले आहेत". मागचा बाबांनी कधीतरी बदललाय, पुढचे बहुधा नाहीत.

तिन्ही दाबले: पेडल दगड. मागचा सोडला: अगदी किंचित फरक, १० मिमीही नाही. पुढचा उजवा सोडला: चांगलंच रुतलं. पुढचा डावा सोडला: आणखी रुतलं, आणि आपलं नेहमीचं पेडल परत आलं. भावाला पेडल दाबायला लावून मी डाव्या होजला दोन बोटांनी धरून बसले. प्रत्येक दाबाला तो बोटांमध्ये फुगतो. श्वास घेतल्यासारखा. उजव्यात तसं काही जाणवत नाही.

सातपूरकर (गुरुवार, रात्री ११:०२)

सापडलं! होज बदला, संपला विषय. मी एअरवर अडून बसलो होतो, माझं चुकलं.

अंबड_लेथ (शुक्रवार, दुपारी १:१५)

संपला नाही. मी बाजूला बसून हा धागा वाचत होतो, आता लिहितो कारण हे माझ्या कामातलं आहे. डावा होज फुगतो हे खरं, तो बदलाच, दोन्ही एकदम बदला. पण उजवा होज फुगत नाही तरी उजवं सोडल्यावर पेडल "चांगलंच" रुतलं असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही पुढचीच चाकं. आणि तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की पुढचे दोन्ही ड्रम कातून आणले, लायनर नवे मारले. माझ्याकडे अशा गाड्या महिन्याला दोनतीन तरी येतात.

ड्रम कातला की आतला व्यास वाढतो. नवा लायनर मूळ ड्रमच्या गोलाईचा बनवलेला असतो. म्हणजे मोठ्या वाटीत लहान वाटीचा तुकडा ठेवल्यासारखं होतं, मध्यभागी टेकतो आणि दोन्ही टोकांना फट राहते. पेडल दाबलं की शू आधी मध्यभागी टेकतो, मग तुम्ही जितका जोर लावाल तितका तो पत्र्याचा शू वाकत वाकत टोकं ड्रमला लावायला जातो. ते वाकणं पायाला स्प्रिंगसारखं लागतं. हवा नाही, गळती नाही, पंप केल्याने फरक नाही, कारण लोखंडच वाकतंय. तुमची लक्षणं तंतोतंत हीच आहेत. उलटंही होतं, लायनरची गोलाई ड्रमपेक्षा मोठी असली की फक्त दोन्ही टोकं टेकतात आणि मधला भाग वाकतो. पायाला तेही तसंच लागतं.

घरी बघता येईल. ड्रम काढा, आतून कोरडा पुसा. शाळेतला खडू ड्रमच्या आत सगळीकडे घासा. शू हातात घेऊन आत ठेवा, नीट दाबून दोनतीन मिलिमीटर पुढे-मागे सरकवा. लायनरवर खडू कुठे उठतो ते बघा. मग शू तसाच दाबून धरून टोकाला फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला.

आणि ड्रम कंप्रेसरने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ अजून बॅकप्लेटच्या कोपऱ्यात असू शकते. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

फियाटवाली (रविवार, संध्याकाळी ६:२०)

दादा, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत आणि अगदी तेच निघालं.

गाडी घोडीवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, सकाळी दहाला पुढचा डावा ड्रम काढला. आत खडू घासला. शू ठेवून सरकवला आणि काढून बघितला, तर लायनरच्या मधोमध चार बोटं रुंद पांढरा पट्टा. दोन्ही टोकं कोरी करकरीत काळी. नव्या लायनरवर लिहिलेली खडूची खूणसुद्धा टोकाला तशीच शाबूत होती, म्हणजे इतक्या दिवसांत तो भाग ड्रमला एकदाही लागलेला नाही. फिलर गेजचं ०.२० चं पान टोकाला सहज आत गेलं, ०.२५ चं अडकलं. उजव्या बाजूलाही तसंच, तिथे ०.१५ गेलं.

आणि एक गोष्ट. बाबांना आठवलं की माळ्यावर एक न वापरलेला पुढचा ड्रम आहे, त्यांनी कधीतरी मुंबईहून आणलेला. ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळून ग्रीस लावून ठेवला होता. तोच शू त्या ड्रममध्ये ठेवला, तर खडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उठला. ०.०५ चं पानसुद्धा जाईना. मग भावाने ऑफिसातून इनसाइड मायक्रोमीटर आणला. नव्या ड्रमपेक्षा आमचा डावा ड्रम व्यासात १.१ मिमीने मोठा, उजवा ०.८ ने.

मला आधी वाटलं की तो नवा ड्रमच डाव्या बाजूला लावून टाकावा. बाबा नाही म्हणाले.

अंबड_लेथ (रविवार, संध्याकाळी ७:४४)

बाबांचं बरोबर आहे. एकाच बाजूला नवा लावला तर त्या बाजूला शू पूर्ण टेकेल, दुसऱ्या बाजूला मध्यभागीच, आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढेल. मऊ पेडलपेक्षा ते वाईट. तो ड्रम परत ग्रीस लावून जपून ठेवा, आज शोधायला गेलात तर सहज मिळणार नाही.

तुमचे जुने ड्रम अजून वापरता येतील. बऱ्याच ड्रमना व्यासात साधारण दीड मिलिमीटरपर्यंत कातायची मुभा असते, त्यापुढे भिंत पातळ होते, तापली की फाकते. तुमचा १.१ वर आहे, म्हणजे हे शेवटचं कातणं समजा. दोन्ही ड्रम एकाच मापावर आणा, उजव्यातून फक्त पुसट हात फिरवून. मग लायनर जाड मारायचे. बाजारात ओव्हरसाइज लायनर मिळतात. ते रिव्हेट मारून शूवर बसवायचे आणि शू फिक्स्चरवर बांधून लेथवर लायनरचा बाहेरचा व्यास ड्रमच्या मापाला आणायचा, ड्रमपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. याला आम्ही "शू ड्रमला मिळवणं" म्हणतो. पूर्वी हे प्रत्येक कातलेल्या ड्रमसोबत केलं जायचं. आता ड्रम एकीकडे कातून आणतात, लायनर दुसरीकडे मारतात, दोघांची गाठ गाडीवरच पडते.

लायनरच्या दोन्ही टोकांना कानशीने थोडा उतार द्यायचा, नाहीतर किंचाळतो.

ओझरकर_निवृत्त (रविवार, रात्री ८:१०)

होज बसवताना दोन्ही टोकांचे कॉपर वॉशर नवे घ्या, जुने परत लावू नका. आणि चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, होज कुठे पिळला जात नाही ना, टायरला घासत नाही ना. ज्या रबराला ब्रेक ऑइल लागतं त्याला पेट्रोल, डिझेल, ग्रीस काही लावायचं नाही, फुगतं. धुवायचं तर ब्रेक ऑइलनेच.

देवळाली_जीप (रविवार, रात्री ९:००)

मीही उद्या माझ्या जीपचे ड्रम खडू लावून बघणार. तीन वर्षांपूर्वी कातले होते.

फियाटवाली (तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी ४:३०)

उशीर झाला, पण काम घाईत करायचं नव्हतं.

ड्रम दोन्ही एका मापाला आले, १.२ वर. लायनर ओव्हरसाइज, शू ड्रमला मिळवून घेतले. लेथवर काम चालू असताना मी तिथेच उभी होते. शू फिरत होता आणि लायनरची काळी धूळ ओल्या फडक्यावर पडत होती, कारागीर दादांनी मध्ये तीन वेळा थांबून ड्रममध्ये ठेवून बघितलं. तिसऱ्या वेळी खडू टोकापासून टोकापर्यंत उठला आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

होज तिन्ही नवे. मागचाही बदलला, एकदा हात घातलाच होता. एअर काढायला यावेळी वीस मिनिटं लागली.

पेडल आता ९६ मिमीवर थांबतं. पाच पंपांनंतर ९७. थांबतं तिथे घट्ट, पाय बाउन्स होत नाही. पहिले दोन दिवस फक्त पाथर्डीकडच्या रिकाम्या रस्त्यावर सकाळी सहाला, चाळीसच्या वेगाने हळू ब्रेक मारत, मध्ये ड्रम थंड होऊ देत, वीस-पंचवीस वेळा. लायनर बसल्यावर पेडल अजून किंचित सुधारलं.

परवा बाबांना शेजारी बसवून गंगापूर रोडने धरणापर्यंत गेलो. परतताना सोमेश्वरच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं. मी पाय ठेवला आणि गाडी सरळ रेषेत, होती तिथे थांबली. बाबांनी डॅशबोर्डवर हात टेकला होता, तो काढून परत मांडीवर ठेवला. काही बोलले नाहीत.

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका उरलीय. गाडी फिरवून आणल्यावर पुढचा उजवा ड्रम डाव्यापेक्षा थोडा जास्त गरम लागतो. हात ठेवता येतो, पण फरक कळतो.

अंबड_लेथ (शनिवार, संध्याकाळी ५:०५)

उजवा शू किंचित घासत असेल. चाक उचलून हाताने फिरवा, अ‍ॅडजस्टर एक खूण मागे घ्या, चाक मोकळं फिरेपर्यंत. नंतर परत दहा किलोमीटर चालवून दोन्ही ड्रमना हात लावा.

ओझरकर_निवृत्त (शनिवार, संध्याकाळी ५:३०)

त्याआधी पेडलचा फ्री प्ले बघा. पेडल हाताने दाबलं की मास्टरचा रॉड पिस्टनला लागेपर्यंत थोडी मोकळी चाल हवी. ती नसली तर मास्टरमधलं परतीचं बारीक भोक बंद राहतं, ऑइल मागे येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. मात्र तसं असतं तर दोन्ही बाजू तापल्या असत्या. एकच तापतेय, म्हणून दादा म्हणतात तेच आधी करा.

फियाटवाली (रविवार, सकाळी ११:५०)

फ्री प्ले आहे, नीट आहे. उजवा अ‍ॅडजस्टर एक खूण मागे घेतला, चाक मोकळं झालं. पाथर्डीला जाऊन आले, दोन्ही ड्रम सारखेच कोमट. पुढच्या सोमवारी त्र्यंबक.